बॅसिलसचे सिग्मा फॅक्टर डोक्यात कसे बसवायचे: पेंढ्यापासून स्पोअरपर्यंत

मी ठाण्यात नौपाड्याला मायक्रोबायोलॉजीची बॅच घेते, टीवायची आणि एमएस्सीची पोरं असतात, काही कळव्याहून, काही ऐरोली-घणसोलीवरून येतात. परीक्षा जवळ आली की दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो, मॅडम ते स्पोरुलेशनमधले (म्हणजे उपाशी पडला की जंतू टिकाऊ स्पोअर बनवतो त्यातले) सिग्मा एफ, ई, जी, के कसे लक्षात ठेवायचे, आणि वहीत बघितलं तर आधीच कुठलातरी शॉर्टकट लिहिलेला असतो जो व्हायव्हात पहिल्या उपप्रश्नालाच कोलमडतो. म्हणून मी जसं शिकवते तसं इथे सगळं लिहून काढतेय, थोडं लांब होईल पण एकदा शांतपणे वाचा, आणि जमलं तर एक दिवस लॅब मागून घेऊन करून बघा, कारण हा विषय डोळ्यांनी बघितल्याशिवाय बसत नाही असं माझं ठाम मत आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. पोरं चुकतात ती "तयार झालं म्हणजे कामाला लागलं" असं धरून चालल्यामुळे. बॅसिलसमध्ये तसं नाही. तिथे सिग्मा, म्हणजे कुठली जीन चालू करायची ते ठरवणारं प्रोटीन, आधी बनतो, मग तो बांधून किंवा अर्धवट ठेवला जातो, आणि ठरावीक निरोप आला की सुटतो. म्हणून प्रत्येक सिग्मापुढे तीनच प्रश्न विचारायचे: याला बनवलं कोणी, याला अडवून ठेवलंय कोणी, आणि तो सुटला कुणाच्या निरोपाने. चार सिग्मा गुणिले तीन प्रश्न, बारा उत्तरं, संपलं. बाकी सगळं त्याच्याभोवती आपोआप लागतं.

सिग्मा म्हणजे काय हे ज्यांचं पुसट झालंय त्यांच्यासाठी पटकन. आरएनए पॉलिमरेज हे एन्झाइम जीनची कॉपी काढतं पण कुठल्या जीनपासून सुरू करायचं ते त्याला एकट्याला कळत नाही, सिग्मा त्याला चिकटतो आणि प्रमोटरवरच्या, म्हणजे जीनच्या सुरुवातीच्या डीएनएवरच्या, उणे दहा आणि उणे पस्तीसच्या खुणा ओळखून तिथे नेऊन बसवतो. रोजच्या कामाला सिग्मा ए. सिग्मा बदलला की एका झटक्यात जीनचा अख्खा गट बदलतो, म्हणून बॅक्टेरियाला एवढं मोठं काम, म्हणजे एका पेशीतून दोन वेगळ्या स्वभावाच्या पेशी काढणं, सिग्मा बदलून बदलून करता येतं.

आता जंतू आणू. बॅसिलस सबटिलिसला जुन्या पुस्तकांत गवताचा बॅसिलस म्हणतात आणि ते खरंच आहे, वाळलेल्या गवतावर त्याचे स्पोअर असतातच. गणपतीची मूर्ती येते तेव्हा खोक्यात खाली पेंढा असतो ना, तो मी दरवर्षी पिशवीत भरून ठेवते. मूठभर पेंढा बारीक कापायचा, दोनशे एमएल पाण्यात तासभर भिजवायचा, गाळायचं, आणि ते पाणी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन वॉटर बाथमध्ये ८० अंश सेल्सिअसला १० मिनिटं ठेवायचं. साध्या वाढणाऱ्या पेशी मरतात, स्पोअर उरतात. मग लूपने न्यूट्रिएंट अगारवर स्ट्रीक करून ३७ अंशाला एक दिवस. कोरड्या, चपट्या, सुरकुतलेल्या, वेड्यावाकड्या कडेच्या मळकट पांढऱ्या कॉलनी आल्या तर तुमचं काम झालं. मोठ्या, मेणासारख्या, काचेचा चुरा पसरल्यासारख्या दिसणाऱ्या आल्या तर तो बॅसिलस सिरियस असू शकतो, शिळ्या भाताने उलट्या होतात तो, त्याच्यावर पुढचं काम करू नका. आणि येऊरच्या जंगलातली माती वगैरे आणायची काहीएक गरज नाही, ते नॅशनल पार्क आहे, पेंढा पुरतो. मेलेल्या जनावराच्या आसपासची माती तर अजिबात नको.

पेंढ्यातला जंतू स्टेनिंग शिकायला मस्त, पण तासातासाला सॅम्पल घेऊन जो प्रयोग मी खाली सांगणार आहे त्याला तो त्रास देतो, वर जाड साय धरतो, गुठळ्या करतो, आणि कोण आहे याची खात्रीही नसते. त्यासाठी चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जंतूंच्या संग्रहांकडून कॉलेजतर्फे बॅसिलस सबटिलिस मागवा. १६८ हा स्ट्रेन मिळाला तर उत्तम, जगातलं बहुतेक काम त्याच्यावर आणि त्याच्या भाईबंदांवर झालंय, १९९७ मध्ये त्याचा पूर्ण जीनोम वाचला गेला, साधारण ४२ लाख बेस आणि ४१०० च्या आसपास जीन. फक्त त्याला ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल स्वतः बनवता येत नाही, मिनिमल मीडियावर टाकाल तर आठवणीने घाला.

मीडिया. इथे बहुतेकांचं बिनसतं म्हणून सावकाश सांगते. एक लिटर पाण्याला न्यूट्रिएंट ब्रॉथ पावडर ८ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १ ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट पाव ग्रॅम, पीएच ७.६ करायचा आणि ऑटोक्लेव्ह. थंड झाल्यावर, वेगळं निर्जंतुक केलेलं कॅल्शियम नायट्रेट १ मोलरचं १ एमएल, मॅंगनीज क्लोराइड ०.०१ मोलरचं १ एमएल, आणि फेरस सल्फेट १ मिलिमोलरचं १ एमएल, ते फिल्टर करून ताजंच घ्या. हा मीडिया १९६५ च्या सुमाराचा, फ्रान्समधल्या शेफर यांच्या ग्रुपचा. स्पोअर रंगवायच्या स्टेनमधले शेफर वेगळे बरं का, शेफर-फुल्टन स्टेन १९३३ चा आहे, व्हायव्हात हे दोन एक करू नका.

मॅंगनीजची मला कायमची आठवण आहे. एका वर्षी मॅंगनीजची बाटली रिकामी होती, थोडंसं तर लागतं, काय बिघडतंय म्हणून तसंच पुढे गेलो आणि दुसऱ्या दिवशी वीस पोरांच्या वीस स्लाइडवर नुसते लाल दांडे, हिरवं जवळपास काहीच नाही (स्टेनमध्ये पेशी लाल आणि स्पोअर हिरवे दिसतात). मी आधी स्टेनवर संशय घेतला, नवीन मॅलाकाइट ग्रीन केलं, तरी तेच. नंतर वाचताना कळलं की मॅंगनीज या जंतूला बऱ्याच ठिकाणी लागतं, आणि त्यातली एक जागा म्हणजे स्पो-टू-ई नावाचं फॉस्फटेज, म्हणजे फॉस्फेट काढणारं एन्झाइम, जे सिग्मा एफला सोडवतं. पुढे येईलच ते. तेव्हापासून मी मीडिया बनवतानाच पोरांना सिग्मा एफ शिकवते. तशीच दुसरी चूक, जंतू चांगला वाढावा म्हणून कुणीतरी प्रेमाने ग्लुकोज घालतं. घालू नका. पोट भरलेलं असेपर्यंत बॅसिलस स्पोअर करायला जात नाही.

ताज्या प्लेटवरून रात्री १० एमएल मीडियात कल्चर लावा, सकाळी साडेसातला त्यातलं थोडं २५० एमएलच्या फ्लास्कमध्ये ५० एमएल मीडियात घाला, ओडी (कल्चर किती गढूळ झालंय त्याचा आकडा) ०.०५ च्या जवळ, ३७ अंश, शेकर चांगला जोरात कारण हवा लागते. दर अर्ध्या तासाला ६०० नॅनोमीटरला ओडी घ्या आणि लॉग स्केलवर मांडत चला. सरळ चढणारी रेघ जिथे वाकते तो क्षण म्हणजे टी-झिरो. साधारण साडेदहा-अकराला येतो. हा क्षण चुकला तर पुढचं सगळं घड्याळ चुकतं, म्हणून या वेळेला चहाला जायचं नाही. टी-झिरोपासून पुढे दर तासाला सॅम्पल, संध्याकाळी सात-आठपर्यंत, कारण पूर्ण स्पोअर व्हायला सात-आठ तास लागतात. लांब राहणाऱ्यांनी घरी आधी सांगून ठेवा.

आणि आता प्रत्येक तासाला आत काय चाललंय ते बघू.

टी-झिरोला पेशी एक निर्णय घेते, आणि हा निर्णय ती घाईने घेत नाही. मुख्य प्रोटीन स्पो-झिरो-ए, त्याच्यावर फॉस्फेट बसलं की ते जागं होतं. पण फॉस्फेट थेट बसत नाही, साइटवर साखळी करून विटा एका हातातून दुसऱ्या हातात देतात तसं किन-ए वगैरे कायनेज, म्हणजे फॉस्फेट बसवणारी एन्झाइम्स, स्वतःवर फॉस्फेट घेतात, ते स्पो-झिरो-एफला देतात, तिथून स्पो-झिरो-बी, आणि शेवटी स्पो-झिरो-ए. १९९१ मध्ये हॉक यांच्या ग्रुपने ही साखळी उलगडली. पोरं विचारतात मॅडम एवढे हात कशाला, एकच कायनेज पुरलं असतं. कारण मधल्या प्रत्येक हाताशी कुणीतरी वीट काढून घ्यायला उभं आहे. रॅप नावाची प्रोटीन्स झिरो-एफवरून फॉस्फेट उतरवतात, स्पो-झिरो-ई हे झिरो-एवरून उतरवतं, डीएनए खराब असेल किंवा कॉपी नुकतीच सुरू झाली असेल तर एसडीए नावाचं छोटं प्रोटीन किन-एलाच धरून ठेवतं. आणि रॅप-एला गप्प करायला पेशी एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडते, फक्त पाच अमिनो आम्लांचं, ते परत आत येतं आणि रॅप-एला बांधतं, म्हणजे आजूबाजूला आपली गर्दी किती आहे हेही हिशेबात धरलं जातं. भूक, डीएनए, गर्दी, सगळ्यांची मतं एकाच साखळीत येतात. शिवाय फॉस्फेटवाला स्पो-झिरो-ए थोडा असेल तर बायोफिल्म, म्हणजे पेशींचा चिकट थर, असली कामं होतात, भरपूर साठला तरच स्पोअरची जीन चालू होतात. सोबत सिग्मा एच, आपल्या चारांच्या बाहेरचा अजून एक सिग्मा, वाढतो, कारण स्पो-झिरो-ए त्याला दाबणाऱ्या एबीआर-बीला दाबतो. दाबणाऱ्याला दाबलं की वरचा सुटतो, ही युक्ती या विषयात परत परत येते, ओळखून ठेवा.

इथे नावांबद्दल एक खूप कामाची गोष्ट, कुणीच सांगत नाही. स्पो-झिरो, स्पो-टू, स्पो-थ्री, स्पो-फोर यातला आकडा म्हणजे ते जीन बिघडवलं तर पेशी कुठल्या स्टेजला अडकते तो. झिरो म्हणजे सुरुवातच नाही, दोन म्हणजे भिंत पडली आणि अडकली, तीन म्हणजे छोटी पेशी मोठीच्या पोटात गेली आणि अडकली, चार म्हणजे कॉर्टेक्सपाशी (स्पोअरचा आतला जाड थर), पाच म्हणजे कोटपाशी (बाहेरचं प्रोटीनचं कवच). पुढचं अक्षर म्हणजे जागा, आणि त्याच्या पुढचं अक्षर म्हणजे त्या ऑपेरॉनमधलं, म्हणजे एकत्र वाचल्या जाणाऱ्या जीनच्या गटातलं, कितवं जीन. म्हणजे नाव वाचलं की निम्मं उत्तर हातात. कागदावर लिहिताना रोमन आकडे असतात म्हणून पोरं घाबरतात, मोठ्याने वाचायची सवय लावा.

टी-दोनच्या आसपास, म्हणजे दुपारी एकच्या सुमाराला, पेशी मध्ये न तुटता एका टोकाजवळ भिंत घालते. छोटा भाग फोरस्पोअर, त्याचाच पुढे स्पोअर होतो, मोठा भाग मदर सेल. साध्या मायक्रोस्कोपखाली हे दिसत नाही, मेम्ब्रेन रंगवणारा फ्लुरोसंट डाय आणि तसा मायक्रोस्कोप असेल तर एका टोकाला बारीक रेघ दिसते. आणि इथे सिग्मा एफ येतो.

सिग्मा एफला बनवलं कोणी? स्पो-झिरो-ए आणि सिग्मा एच या दोघांनी मिळून, तेही भिंत पडायच्या आधी, म्हणजे दोन्ही भागांत तो आहे. अडवलंय कोणी? स्पो-टू-एबी. हा अँटी-सिग्मा, त्याला घट्ट धरून बसलेला. गंमत म्हणजे तिघेही एकाच ऑपेरॉनमध्ये शेजारी शेजारी आहेत, स्पो-टू-एए, स्पो-टू-एबी आणि सिग्मा एफ, म्हणजे कैदी, पहारेकरी आणि सोडवणारा एकदमच जन्माला येतात. एए हा सोडवणारा, तो एबीला जाऊन भिडला की एबी सिग्माला सोडतो. पण एबी नुसता पहारेकरी नाही, तो कायनेजपण आहे, तो एएवर सेरीन ५८ या जागी फॉस्फेट चिकटवून त्याला निकामी करतो. मग एएवरचं फॉस्फेट काढणार कोण? स्पो-टू-ई, तेच मॅंगनीजवालं फॉस्फटेज. आणि ते बसतं कुठे, तर त्या टोकाजवळच्या नव्या भिंतीपाशी, आणि तिथून फोरस्पोअरच्या बाजूला टिकून राहतं. छोटीशी जागा, त्यात हे एन्झाइम दाटलेलं, म्हणून एए फक्त फोरस्पोअरमध्ये मोकळा होतो आणि सिग्मा एफ फक्त तिथेच सुटतो. मला हे शिकवताना दरवेळी अंगावर काटा येतो, खरंच, कारण एकाच पेशीच्या दोन भागांत तीच प्रोटीन्स, तेच जीन, आणि फरक पडला तो फक्त भिंत कुठे पडली यावरून.

यात अजून एक पदर आहे. भिंत पडते तेव्हा क्रोमोसोम मध्ये अडकलेला असतो, फक्त एक-तृतीयांशच्या आसपास डीएनए छोट्या भागात, बाकीचा स्पो-थ्री-ई नावाचा पंप ओढून आत घेतो. तोपर्यंत थोडा वेळ फोरस्पोअरकडे एबीचं जीनच नसतं, कारण ते उरलेल्या भागात आहे, आणि एबी तसा टिकाऊ नाही, क्ल्प-सी-पी नावाचं प्रोटीएज त्याला तोडत राहतं, त्यामुळे पहारेकरी कमी होत जातात आणि नवे भरता येत नाहीत. जीन क्रोमोसोमवर कुठे बसलंय यावरूनपण कंट्रोल होतो, हे एमएस्सीवाल्यांनी नक्की लिहा, परीक्षक खूश होतात.

सिग्मा ई. बनवलं स्पो-झिरो-एने, हाही भिंतीच्या आधीच तयार. पण पहारेकऱ्याने धरलेला नाही, हा अर्धवट आहे, पुढे २७ अमिनो आम्लांची शेपटी जास्तीची, म्हणून त्याला प्रो-सिग्मा ई म्हणतात. शेपटी कापणारा स्पो-टू-जीए, मेम्ब्रेनमध्ये बसलेला, पण स्वतःहून कापत नाही. निरोप कुणाचा? शेजारणीचा. फोरस्पोअरमध्ये सिग्मा एफ सुटला की स्पो-टू-आर बनतं, ते दोन मेम्ब्रेनच्या मधल्या फटीत सोडलं जातं, त्याने जीए जागा होतो, शेपटी कापतो आणि मदर सेलमध्ये सिग्मा ई कामाला लागतो. टू-आरचं जीन क्रोमोसोमच्या त्या तुकड्यावर आहे जो आधी फोरस्पोअरमध्ये जातो, म्हणून उशीर होत नाही.

उशीर झाला तर काय? मदर सेल दुसऱ्या टोकालापण भिंत घालायला बसलेलीच असते. सिग्मा ईची पहिली कामं म्हणजे ती दुसरी भिंत थांबवणं. सिग्मा ई नसलेल्या म्युटंटमध्ये, म्हणजे ते जीन बिघडवलेल्या जंतूत, दोन्ही टोकांना दोन छोट्या पेशी होतात, मधला भाग रिकामा, आणि सगळं तिथेच संपतं. व्हायव्हाला हा प्रश्न आला की चित्र काढूनच उत्तर द्या. सिग्मा ईचं दुसरं मोठं काम म्हणजे गिळणं, स्पो-टू-डी, टू-एम, टू-पी ही प्रोटीन्स वापरून मदर सेल आपली मेम्ब्रेन फोरस्पोअरच्या भोवती सरकवत नेते आणि त्याला पूर्ण पोटात घेते. साधारण टी-तीन ते टी-चार, तीन वाजायच्या सुमाराला फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोप असेल तर एका टोकाला अंडाकृती थोडा गडद भाग दिसायला लागतो.

सिग्मा जी परत फोरस्पोअरमधला. बनवलं सिग्मा एफने. पण गिळणं पूर्ण होईपर्यंत तो कामाला लागत नाही. यातलं सगळं अजून स्वच्छ उलगडलेलं नाही, पण एवढं पक्कं की मदर सेलमधली स्पो-थ्री-एची प्रोटीन्स आणि फोरस्पोअरमधलं स्पो-टू-क्यू मिळून मध्ये एक नळी उभी करतात, ती नसेल तर सिग्मा जी उठत नाही, आणि सीएसएफ-बी नावाचं एक छोटं प्रोटीन त्याला भलत्या वेळी दाबून ठेवतं. ठाण्यात ज्यांची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय त्यांना मी सांगते, प्लिंथपर्यंत काम झालं की तपासणी होते आणि मग पुढचे मजले चढवायची परवानगी येते, माल साइटवर पडलेला असतो, मजूर बसलेले असतात, तरी तोपर्यंत वर वीट चढत नाही. सिग्मा जी म्हणजे तो पडलेला माल आणि गिळणं म्हणजे प्लिंथ. हे सांगितल्यावर पोरं विसरत नाहीत. सिग्मा जी सुटला की एसएएसपी नावाची छोटी प्रोटीन्स भरभरून बनतात आणि डीएनएला चिकटून त्याला झाकून टाकतात, यूव्हीपासून वाचवतात.

शेवटचा सिग्मा के, मदर सेलमधला, आणि याच्यावर कुलुपंच कुलुपं. पहिलं कुलूप डीएनएतच, त्याचं जीन दोन तुकड्यांत आहे, मध्ये ४८ हजार बेसचा स्किन नावाचा तुकडा घुसलेला, मदर सेल तो कापून काढते आणि दोन्ही टोकं जोडते तेव्हा कुठे जीन वाचता येतं. स्वतःचा डीएनए असा कापून टाकणं परवडतं कारण मदर सेल शेवटी मरणारच आहे, पुढच्या पिढीत जाणारा डीएनए फोरस्पोअरमध्ये शाबूत आहे. मग जीन चालू करणारा सिग्मा ई, सोबत स्पो-थ्री-डी. बनतो तोही अर्धवट, प्रो-सिग्मा के, २० अमिनो आम्लं जास्त. कापणारा स्पो-फोर-एफबी, जो मेम्ब्रेनच्या आतच कापतो, आणि त्याला स्पो-फोर-एफए आणि बीओएफ-ए दोघांनी दाबून ठेवलेला. निरोप? परत शेजाऱ्याचा. सिग्मा जी स्पो-फोर-बी बनवतो, ते फटीत जातं, एफएला तोडतं, एफबी मोकळा, सिग्मा के तयार. म्हणजे एफ सुटला म्हणून ई, ई असल्याशिवाय जी नाही, जी सुटला म्हणून के, निरोप एकदा इकडून एकदा तिकडून. बीओएफ, म्हणजे बायपास ऑफ फोरस्पोअर, हे नावच त्यावरून पडलं, हे जीन बिघडवलं तर फोरस्पोअरच्या निरोपाची वाट न बघताच सिग्मा के सुरू होतो.

सिग्मा के तुम्हाला घरच्या डोळ्यांनी दिसतो, मायक्रोस्कोप लागत नाही. त्याच मीडियाच्या अगार प्लेटवर जंतू दोन-तीन दिवस ठेवा, स्पोअर करणाऱ्या कॉलनी तपकिरी होतात, न करणाऱ्या फिकट, पारदर्शक राहतात. तो तपकिरी रंग कॉट-ए नावाच्या कोट प्रोटीनमुळे येतो आणि कॉट-ए सिग्मा केच्या हुकमावर बनतं. मागच्या वर्षी एका मुलीने प्लेट उजेडात धरून विचारलं, मॅडम म्हणजे हा रंग सिग्मा के चालल्याची पावती का, आणि मला वाटलं की आता हिला पुस्तकाची गरज नाही. डायपिकोलिनिक आम्लही मदर सेल सिग्मा केच्या काळात बनवून आत पाठवते, स्पोअरच्या कोरड्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आसपास ते कॅल्शियमसोबत बसतं, आतलं पाणी कमी होतं आणि फेज कॉन्ट्रास्टमध्ये स्पोअर एकदम चकाकायला लागतो. टी-पाच ते टी-सहा, दुपारी चारच्या पुढे बघा.

स्टेन टी-तीन, टी-सहा आणि दुसऱ्या दिवशीच्या सॅम्पलचा करा, तिन्ही स्लाइड शेजारी ठेवा. पातळ स्मिअर, वाळवून हीट फिक्स, वर फिल्टर पेपरची पट्टी, त्यावर ५ टक्के मॅलाकाइट ग्रीन, आणि खाली वाफ, ५ ते १० मिनिटं. उकळू द्यायचं नाही आणि सुकूही द्यायचं नाही, ड्रॉपर हातात ठेवून रंग घालत राहा. थंड करून पाण्याने धुवा, मग सॅफ्रानिन ३० सेकंद, धुवा, ऑइल इमर्शन. स्पोअर हिरवे, पेशी लाल. स्लाइड गरम असताना पाणी ओतलं की ती तडकते, हे दर बॅचला एकदा होतंच.

आकड्यात हवं असेल तर दुसऱ्या दिवशीच्या कल्चरचं डायल्युशन करून अर्धं तसंच प्लेट करा आणि अर्धं ८० अंशाला १० मिनिटं ठेवून प्लेट करा, दुसरा आकडा भागिले पहिला गुणिले शंभर म्हणजे तुमची स्पोअरची टक्केवारी. चांगल्या कल्चरमध्ये निम्म्याहून बरीच जास्त यायला हवी. कमी आली तर आधी मॅंगनीज बघा, मग शेकर, मग टी-झिरो.

अभ्यासाला माझी एकच सक्ती असते. वही बंद करून पाच म्युटंट घ्या आणि प्रत्येकाची पेशी कशी दिसेल ते काढा: स्पो-झिरो-ए, स्पो-टू-एबी, सिग्मा ई, सिग्मा जी, बीओएफ-ए. यातलं एबीवालं अवघड आहे, पहारेकरीच गेला तर सिग्मा एफ भिंतीची वाट न बघता सगळीकडे सुटेल, ते पेशीला जड जातं. स्वतः विचार करून काढलं तर बारा उत्तरं आपोआप पाठ होतात. आणि हे सगळं बॅसिलससाठी आहे हे लिहायला विसरू नका, क्लॉस्ट्रिडियममध्ये झिरो-एफ आणि झिरो-बीची साखळीच नाही, कायनेज थेट स्पो-झिरो-एवर काम करतात, आणि डिफिसिलमधल्या सिग्मा केला ती जास्तीची शेपटीपण नाही.

शेवटी आवराआवर. हे स्पोअर आहेत, टेबलावर ७० टक्के अल्कोहोल पुसून ते मरत नाहीत, आणि नुसतं उकळलेलं पाणीपण पुरत नाही. टेबल ताज्या ब्लीचच्या १० टक्के पाण्याने ओलं करून दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडा, मग पुसा. फ्लास्क, प्लेटा, पिपेट सगळं ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशाला निदान २० मिनिटं, आणि प्लेटा गच्च भरू नका, वाफ मधून फिरली पाहिजे. ब्लीच लावलेल्या वस्तू मात्र ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. मॅलाकाइट ग्रीनचं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, वेगळ्या बाटलीत जमा करा, आणि हातमोजे आधीच घाला, नखातला हिरवा रंग आठवडाभर जात नाही.